यॉर्कचे ‘रिट्रीट’ : एका नाकारलेल्या भेटीतून उभे राहिलेले इस्पितळ

उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्क नावाचे एक जुने शहर आहे. प्रवासी तिथे जातात ते दगडी तटबंदी आणि भव्य कॅथीड्रल बघायला. त्या तटाच्या बाहेर, हेस्लिंग्टन रस्त्यावर विटांची एक जुनी इमारत आहे, तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही. पण मनोरुग्णांच्या उपचारांचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही ही इमारत टाळता येत नाही. १७९६ साली तिथे ‘रिट्रीट’ नावाचे इस्पितळ सुरू झाले. ते काढणारा माणूस डॉक्टर नव्हता, चहा-कॉफीचा व्यापारी होता. त्याचे नाव विल्यम ट्यूक.

शाळेत इतिहास शिकवताना आपण लढाया, तह आणि सनावळ्या शिकवतो. अशा संस्थांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली एक ओळही येत नाही. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगावी म्हणते.

ट्यूक हा क्वेकर पंथाचा होता. हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स याने तो सुरू केला. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे. हे नाव इतरांनी चेष्टेने दिलेले, ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. त्यांच्यात पुरोहित नाही, मूर्ती नाही, मोठाले विधी नाहीत. सगळे एकत्र जमून शांत बसतात आणि कुणाला आतून काही बोलावेसे वाटले तर तो उठून बोलतो. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश असतो, ही त्यांची मूळ श्रद्धा. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. पण हे लोक ती श्रद्धा रोजच्या व्यवहारात फार काटेकोरपणे पाळत. त्या काळच्या इंग्रजीतही आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सारखा थोडाफार भेद होता. क्वेकर मात्र राजापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणत, न्यायाधीशासमोरही डोक्यावरची टोपी काढत नसत. त्यासाठी पहिल्या पिढीतल्या कित्येकांनी तुरुंगवास भोगला.

कोर्टात किंवा नोकरीत शपथ घ्यायलाही त्यांचा नकार असे. त्यामुळे सरकारी पदे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना बंद होती. मग ही मंडळी व्यापारात शिरली आणि सचोटीमुळे तिथे त्यांचा जम बसला. कॅडबरी, फ्राय, राउंट्री ही चॉकलेटवाली घराणी सगळी क्वेकर. ट्यूकच्या घराण्याचा कोकोचा धंदा पुढे १८६२ साली राउंट्री कुटुंबातल्या एकाने विकत घेतला आणि त्याच राउंट्रीच्या कारखान्यात १९३० च्या दशकात किटकॅट जन्माला आले. आपली नातवंडे ज्याच्यासाठी हट्ट धरतात त्या चॉकलेटची वंशावळ अशी या इस्पितळाच्या संस्थापकापर्यंत जाऊन पोचते!

आता मूळ हकीकत. यॉर्कमध्ये १७७७ पासून वेड्यांसाठी एक मोठे इस्पितळ होते, ‘यॉर्क असायलम’. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या देणग्यांतून ते उभे राहिले होते आणि त्याची दर्शनी इमारत फार देखणी होती. १७९० च्या मार्च महिन्यात लीड्स गावच्या हॅना मिल्स नावाच्या एका विधवा बाईला तिथे दाखल केले. ती क्वेकर होती आणि खोल उदासीने ग्रासलेली होती. नातेवाईक दूर राहणारे, त्यांना वारंवार येणे शक्य नव्हते. त्यांनी यॉर्कमधल्या आपल्या पंथाच्या लोकांना कळवले की जरा तिला भेटून या. ही मंडळी गेली. त्यांना सांगण्यात आले की बाई परक्यांनी भेटण्याच्या अवस्थेत नाही. काही आठवड्यांतच, एप्रिलच्या अखेरीस हॅना मिल्स वारली. आत तिचे काय झाले, हे कुणालाच कळले नाही.

‘भेटण्याच्या अवस्थेत नाही’ हे शब्द वाचले आणि मी थबकले. माझ्या लहानपणी आमच्या गावात एका वाड्याच्या मागच्या खोलीत एक बाई ठेवलेली होती. आम्हा मुलांना त्या बोळात जायची बंदी होती. जेवणाचे ताट आत सरकवले जाई आणि रिकामे ताट बाहेर येई. घरचे लोक दुष्ट नव्हते, तिचे जेवणखाण वेळच्या वेळी होई. पण कुणी चौकशी केलीच तर उत्तर ठरलेले, “भेटण्यासारखी नाही हो ती.” ती गेल्याचेही आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळले. अशा खोल्या त्या काळी कितीतरी घरांत असतील. ‘भेटण्यासारखी नाही’ हा निकाल बाहेरची माणसे देतात. आतल्या माणसाला कुणी भेटावेसे वाटते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

यॉर्कच्या क्वेकरांनी तो निकाल मुकाट्याने स्वीकारला नाही, एवढाच फरक. आपल्या माणसांसाठी, जिथे गुपित असे काही राहणार नाही, असे घर आपणच काढावे, असा प्रस्ताव विल्यम ट्यूकने १७९२ साली पंथाच्या सभेत मांडला. तेव्हा त्याचे वय होते साठ. आपल्याकडे ज्या वयात माणसे सत्काराची शाल घेऊन घरी बसतात, त्या वयात त्याने हे नवे काम अंगावर घेतले. सगळ्यांना ते पटले असे नाही. आपल्या पंथात वेडी माणसे अशी आहेत तरी किती, असे काहींचे म्हणणे पडले. खुद्द त्याच्या पत्नीनेही, तुझ्या डोक्यातून आजवर पुष्कळ बाळे जन्मली, पण हे मात्र मंदबुद्धीचे निघणार, अशी थट्टा केली होती म्हणे.

तरीही पैसे जमले. शहराबाहेर ११ एकर जागा घेतली आणि सुमारे ३० माणसे राहू शकतील अशी इमारत बांधली. नाव काय ठेवायचे, हा प्रश्न निघाला. ‘असायलम’ हा शब्द नको होता, कारण त्या शब्दाला तोवर भलताच वास येऊ लागला होता. ट्यूकच्या सुनेने ‘रिट्रीट’ हे नाव सुचवले. म्हणजे विसावा, वादळात सापडलेल्या माणसाने क्षणभर टेकायची जागा. नावाने काय होते, असे आपण म्हणतो. पण आपल्याकडे ठाणे आणि येरवडा या दोन चांगल्या गावांची नावे कशी वापरली जातात ते आठवून पहा. तिथे मनोरुग्णालये आहेत म्हणून ‘याला ठाण्याला पाठवा’ ही शिवी झाली आणि शाळेच्या पटांगणावर लहान मुलांच्या तोंडीही ती मी ऐकलेली आहे. त्या सुनेला शब्दांची ताकद ठाऊक होती.

या घराचे वेगळेपण कळायला त्या काळची समजूत लक्षात घ्यावी लागते. माणूस म्हणजे विवेक, तो गेला की उरतो तो पशू, अशी शिकल्यासवरलेल्यांचीही धारणा होती. वेड्याला थंडी बाधत नाही, भूक लागत नाही, धाकाशिवाय तो वळत नाही, असे सरसकट मानत. लंडनच्या बेथलेम इस्पितळात १७७० पर्यंत लोक सुट्टीच्या दिवशी वेडे बघायला गर्दी करत, जसे आपण प्राणिसंग्रहालयात जातो. तिथे ठराविक हंगामात सगळ्या रुग्णांचे रक्त काढायचे, त्यांना ओकाऱ्या आणि जुलाब करवायचे, अशी रीतच होती. खुद्द राजा तिसरा जॉर्ज १७८८ साली भ्रमिष्ट झाला, तेव्हा त्यालाही हातपाय जखडणारा अंगरखा घातला गेला. राजाची ही गत, तर इतरांचे काय सांगावे?

रिट्रीटने सुरुवात केली ती खिडक्यांपासून. खिडकीला गज हवेत, नाहीतर माणूस उडी मारेल. पण गज दिसले की तुरुंग वाटतो. म्हणून तावदानांच्या चौकटीच लोखंडाच्या केल्या आणि त्या लाकडी दिसतील असे पाहिले. कुलपे आणि कड्या लागताना खडखडाट होतो, तो रुग्णाच्या काळजात घुसतो, म्हणून त्यांच्यावर चामडे चढवले. बाहेर बाग आणि शेती होती. रुग्णांच्या अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणे पाळले होते. ज्याला माणसांची भीती वाटते तो सशाला घाबरत नाही, आणि सशाची काळजी घेता घेता त्याचे लक्ष स्वतःच्या दुःखावरून थोडे हलते, हा त्यामागचा विचार.

पहिला व्यवस्थापक लवकरच वारला, तेव्हा ट्यूकने जवळजवळ वर्षभर स्वतः कारभार पाहिला. मग १७९७ साली जॉर्ज जेप्सन आला आणि पुढची २६ वर्षे तिथे राहिला. स्त्रियांच्या विभागाची प्रमुख कॅथरीन ॲलन होती. पुढे १८०६ मध्ये या दोघांचे लग्न झाले. या इस्पितळाला खरे घरपण आणले ते या जोडप्याने.

तिथले पहिले डॉक्टर टॉमस फाउलर हे त्या काळचे नावाजलेले वैद्य. त्यांनी तयार केलेले सोमलाचे औषध पुढे शतकभर चालले. त्यांनी रक्त काढणे, जुलाब, ओकाऱ्या असे प्रचलित उपाय रिट्रीटमध्ये मनापासून करून पाहिले, आणि यांचा विशेष उपयोग होत नाही, असे निदान प्रामाणिकपणे केले. उदास रुग्णांना गरम पाण्याच्या आंघोळीने बरे वाटते, एवढे मात्र त्यांना आढळले. रात्री झोप न येणाऱ्या, खवळलेल्या रुग्णाला उपाशी ठेवून अशक्त करण्याऐवजी मांस, पाव आणि काळ्या बिअरचे पोटभर जेवण द्यावे, म्हणजे तो झोपतो, हा शोधही तिथलाच. आपल्या घरातल्या कुणाही आजीने हे सांगितले असते. पण वैद्यकाच्या पुस्तकांत नेमके उलट लिहिलेले होते, आणि पुस्तकाविरुद्ध जायला धैर्य लागते.

तिथली एक हकीकत सांगते. चौतिशीच्या आसपासचा, भीमासारख्या अंगाचा एक माणूस एकदा तिथे आणला गेला. तो इतके दिवस सतत बेड्यांत होता की बेड्या न काढता कपडे चढवता-उतरवता यावेत म्हणून कपड्यांना बंद शिवले होते. रिट्रीटच्या दारात त्याच्या बेड्या काढल्या. व्यवस्थापक जेवायला बसले होते, तिथेच त्याला नेले आणि पंक्तीला बसवले. तो नीट जेवला. जेवणानंतर जेप्सनने त्याला त्याची खोली दाखवली आणि सांगितले, इथे सगळ्यांना शक्य तितके सुखात ठेवायची आमची इच्छा आहे, तुला बांधायची वेळ तू येऊ देणार नाहीस अशी मला आशा आहे. त्याने तसे वचन दिले. मधूनमधून त्याचा तोल जाई, तो आरडाओरडा करी, मग जेप्सन त्याच्याजवळ जाऊन बसे. साधारण चार महिन्यांनी तो बरा होऊन घरी गेला.

ही हकीकत लिहून ठेवली विल्यमचा नातू सॅम्युअल ट्यूक याने. १८१३ मध्ये त्याने रिट्रीटचे वर्णन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने कुणावर चिखलफेक केली नव्हती, आम्ही काय करतो एवढेच सांगितले होते. पण ते वाचून यॉर्क असायलमचा डॉक्टर चार्ल्स बेस्ट याला झोंबले आणि त्याने वर्तमानपत्रात टोपणनावाने टीका केली. त्यातून वाद पेटला. गॉडफ्रे हिगिन्स नावाच्या एका मॅजिस्ट्रेटने असायलममधल्या मारहाणीची प्रकरणे बाहेर काढली. वीस पौंड देणगी दिली की असायलमचे विश्वस्त होता येते असा नियम होता, तो हेरून सॅम्युअल आणि इतर काही जणांनी पैसे भरले आणि विश्वस्त म्हणून थेट सभेत जाऊन बसले. १७९० मध्ये जे दार भेटीसाठी उघडले नव्हते, ते आता कायद्याने उघडावे लागले.

त्याच १८१३ च्या डिसेंबरात असायलमला आग लागली आणि चार रुग्ण जळून मेल्याचे अधिकृतपणे सांगितले गेले. पुढच्या मार्चमध्ये हिगिन्सने स्वयंपाकघराजवळचे एक बंद दार हट्टाने उघडायला लावले. आत लहान लहान कोठड्या होत्या. ओलसर पेंढा, घाण, हवेला जागा नाही. पाहुण्यांना ज्या भागातून हिंडवत, तिथून या कोठड्या कधीच दिसत नसत. हॅना मिल्सच्या मित्रांना दारातून परत का पाठवले असेल, याचा अंदाज चोवीस वर्षांनी बांधता आला. असायलमचे सगळे कर्मचारी काढून टाकले गेले. १८१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी केली, तिच्यापुढे त्र्याऐंशी वर्षांच्या विल्यम ट्यूकची साक्ष झाली. १८२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो वारला.

हा विचार एकट्या यॉर्कमध्येच जन्मला, असे मात्र नाही. त्याच सुमारास पॅरिसमध्ये प्युसँ नावाचा कर्मचारी आणि डॉक्टर पिनेल हेही रुग्णांच्या साखळ्या काढण्याकडे वळले होते. दोन्हीकडच्यांना सुरुवातीला एकमेकांची खबरही नव्हती. अमेरिकेतल्या क्वेकरांनी मात्र रिट्रीट डोळ्यांसमोर ठेवूनच १८१७ साली फिलाडेल्फियाजवळ आपले इस्पितळ उघडले.

मग हा विचार सगळीकडे यशस्वी झाला का? नाही. रिट्रीटमध्ये तीस माणसे होती आणि जेप्सनला प्रत्येकाचे नाव, सवयी, आवडीनिवडी ठाऊक होत्या. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात सरकारी असायलम बांधणे बंधनकारक झाले. बागा आल्या, मोठ्या खिडक्या आल्या, पण रुग्ण हजारांच्या घरात गेले. लंडनजवळच्या कोल्नी हॅच असायलममध्ये १८५१ साली उघडतानाच हजाराहून अधिक जणांची सोय होती. हजार जणांच्या पंगतीत कोण कुणाला जवळ घेऊन बसवणार? तीस मुलांचा वर्ग आणि नव्वद मुलांचा वर्ग यांत काय फरक असतो हे ज्याने खडू हातात धरला आहे त्याला सांगायला नको. तिसाच्या वर्गात गोंगाट करणाऱ्या मुलाशेजारी जाऊन उभे राहता येते. नव्वदाच्या वर्गात टेबलावर डस्टर आपटावा लागतो. आपल्याकडे १८५८ मध्ये कंपनीच्या राजवटीच्या शेवटी जो वेड्यांविषयीचा कायदा आला, त्याने आणला तो उंच भिंतींचा असायलम. जेप्सनची पंगत बोटीत चढलीच नाही.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको याने १९६१ च्या आपल्या ग्रंथात ट्यूकवर कठोर टीका केली. रिट्रीटमध्ये अधूनमधून चहापान असे. रुग्ण आपले उत्तम कपडे घालून येत आणि एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत. फूको म्हणतो, ही मेजवानी नव्हे, ही परीक्षा आहे. सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर आहेत आणि तुम्ही शहाणे असल्याचे सोंग वठवायचे आहे. लोखंडी साखळी काढली, पण तिच्या जागी अपराधी मनाची साखळी घातली. बाहेरचा पहारेकरी आत नेऊन बसवला.

यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सॅम्युअल ट्यूक स्वतःच रुग्णांची तुलना मुलांशी करतो. भीतीपेक्षा दुसऱ्याच्या नजरेत आपण चांगले असावे ही इच्छा माणसाला अधिक सावरते, असे तो स्पष्ट लिहितो. आणि भीतीलाही त्याने पुरते हद्दपार केले नव्हते. फार अनावर झालेल्या रुग्णाला रिट्रीटमध्येही पट्ट्यांनी बांधत किंवा लांब बाह्यांचा अंगरखा घालत. बांधणे पुरते बंद केले ते पुढे १८३८-३९ च्या सुमारास लिंकन आणि हॅनवेल इथल्या डॉक्टरांनी.

पण फूकोचे म्हणणे वाचून माझ्यातली शिक्षिका गप्प बसत नाही. छडीच्या धाकाने शांत बसलेले मूल आणि बाईंना वाईट वाटेल म्हणून शांत बसलेले मूल, दोन्ही शांतच असतात. दुसरे मूलही पूर्ण मोकळे नसते, हे खरे. तरी या दोन शांततांत फरक आहे. पहिले मूल बाई वर्गाबाहेर गेल्या की ओरडते. दुसरे मूल हळूहळू स्वतःला धरून ठेवायला शिकते. आणि बेड्यांतून सुटून पंक्तीला बसलेल्या त्या माणसाला जर कुणी विचारले असते की दोन्ही साखळ्याच, तुला कुठली हवी, तर त्याचे उत्तर काय असते याबद्दल मला तरी शंका नाही.

लोखंडी साखळी काही जगातून लगेच गेली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खाजगी निवाऱ्याला पहाटे आग लागली आणि पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. यॉर्कच्या आगीला तेव्हा १८७ वर्षे होऊन गेली होती. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई करणारे स्पष्ट कलम आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आले. तो अमलात आला २०१८ मध्ये.

त्याच २०१८ च्या अखेरीस रिट्रीटने रुग्णांना दाखल करून घेणे थांबवले. म्हणजे २२२ वर्षे ते इस्पितळ चालले. शहराच्या दुसऱ्या टोकाचे ते जुने असायलम, ज्याला पुढे बूथम पार्क हे नाव मिळाले, ते त्याआधीच २०१५ मध्ये बंद झाले होते. आता ज्या त्या आजारावर औषधे आहेत, बरेचसे उपचार घरी राहून होतात, आणि ते चांगलेच आहे. इमारती गेल्या म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

पण औषधे नव्हती त्या काळात या चहाच्या व्यापाऱ्याने जे दिले, ते औषधांच्या दुकानात आजही मिळत नाही. ते देण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही, हे त्यानेच दाखवले. आपल्या नात्यात, शेजारात, ओळखीत कुणी ना कुणी अशा आजारात असतेच. आपण मधुमेहाच्या रुग्णाला भेटायला जाताना फळे घेऊन जातो. या रुग्णाकडे मात्र जायचे टाळतो, आणि स्वतःलाच सांगतो की तो भेटण्याच्या अवस्थेत नाही. यॉर्कची ती मंडळी निदान दारापर्यंत गेली होती. एवढे तर आपल्यालाही जमेल.